कुठल्या खात्यात

हळदणकरांच्या पेढीत बावीस वर्षं वह्या लिहितोय.
घट असो, तूट असो, जागा सापडतेच.
सोनाराच्या केरातली धूळसुद्धा आम्ही
झाडून, जाळून, जमेला धरतो.
एवढी एकच नोंद अडून बसली आहे:

हवालदार अडिवेप्पा हुक्केरी,
रात्र एक, साध्या कपड्यात, अठराशे.

भाव मीच केला होता, शहापुरात, खडेबाजारच्या तोंडाशी,
झेंडूच्या ढिगाआड उभं राहून.
वॉचमन सहाशेला येतो, शिट्टीसकट.
खात्याकडं रीतसर मागितला तर अर्ज, चलन, दोन साहेबांच्या सह्या
आणि तुळशीच्या लग्नाला मंजुरी.
सुट्टीवरचा हवा असेल तर एक मिस्ड कॉल पुरतो.
शेठ म्हणाले, वॉचमन चोराला बघतो,
ह्याला चोर बघतो.
फरक बाराशेचा.

"जास्त होतंय की हो," मी म्हटलं.
"आंग माझंच आहे सार," तो म्हणाला,
"पण रात्रभर उभं ऱ्हायची सवय सरकारनं लावलीया.
त्या सवयीचं भाडं आहे हे."

नऊला आला. शर्ट पोराचा, खांद्यात आखूड,
बूट मात्र तेच, तांबडे, ठाण्यातले.
साडेअकराला मोटारसायकलवरचे दोघं
आमच्या शटरसमोर रेंगाळले,
खाली बघितलं, आणि गेले.
बुटांचे पैसे ठरले नव्हते.

लक्ष्मीपूजनाची समई आत तेवत होती.
मी किल्ल्या उशाशी घेऊन गादीवर,
तो पायरीवर.
एकला बायकोचा फोन. हौदु, हौदु, नाळे.
पोरगी हुबळीला नर्सिंगला आहे म्हणाला,
एक रात्र म्हणजे मेसचे बारा दिवस.
मग मी पाणी द्यायला उठलो तसं विचारलं,
"गुडघ्याला काय झालं?"
"जुनं आहे."
"किती जुनं?"
मी साल सांगितलं. महिना सांगायची गरज पडली नाही,
आमच्याकडं एक नोव्हेंबर वर्षातनं एकदाच येतो.
तो बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिला.
"होतो मी त्या टायमाला तिथं," म्हणाला.
मग म्हणाला, "शंभर जण होतो."
शंभराला एक गुडघा भागायला मी हिशेबनीस आहे,
पण भागला नाही.
थर्मासात उरलेला चहा होता, तो प्यालो.

पाचला म्हणाला, "सहाला रिपोर्टिंग."
"कुठं?"
"तुमच्याकडंच की."
मागच्या खोलीत, अंगठ्यांच्या रिकाम्या डब्यांत उभं राहून
त्यानं वर्दी चढवली, पोराचा शर्ट घडी करून पिशवीत घातला.
बाहेर आला तेव्हा त्याच माणसाला
मला अहो म्हणावंसं वाटलं.
ड्रॉवर उघडा राहिला होता.
काळी फीत त्यानं बघितली.
अठराशे मोजले, टोपीत ठेवले, टोपी घातली.
पायरी उतरताना वळून, मराठीत, अगदी हळू:
"सार, मधी चाला आज.
कडेला नको, मागं तर नकोच.
मागच्यांस्नी लागतं."

हे त्यानं बिलात धरलं नाही.

पगार नव्हे, मजुरी नव्हे, लाच तर नव्हेच.
किरकोळमध्ये टाकावं तर शेठ विचारणार.
देवदिवाळी खर्चात लिहून खोडलं.

दुपारी मूक फेरीत बॅरिकेडपाशी दिसला,
काठी बगलेत, डोळे लाल,
उभ्या उभ्या डुलकी घेत होता.
रात्रीची झोप आम्ही विकत घेतली होती,
ती आता सरकारच्या खात्यातून वळती होत होती.

मी मधून चालत होतो.
कडेनं, हातात झेंडा घेऊन,
आमच्या गल्लीतला देवाप्पा सुतार चालला होता,
वय एकोणीस.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
मीही.